पाणी उजव्या हाताला

जिच्या हातात निळ्या काचेची थुंकीची बाटली आज पहिल्यांदाच दिली असेल, तिच्यासाठी हे लिहिते आहे. मला ती दिली तेव्हा कोणी काही समजावलं नव्हतं. बाटली खिशात मावेल एवढी, वर घट्ट झाकण, आणि तिथले जुने रुग्ण तिला ‘निळा हाइनरिश’ म्हणत. पहिले दोन दिवस नर्स सकाळी विचारायची, ‘हाइनरिश कुठे आहे?’ आणि मी प्रामाणिकपणे सांगायची की आज दिसला नाही. तर बाई, इतकी अडाणी मी जर यातून बाहेर आले असेन, तर तूही येशील. मात्र मी पाहिलेलं सगळं तुला सांगणार आहे, न पटणारंसुद्धा.

रोंटगेनची बस

युद्ध संपून बारा-तेरा वर्षं झाली होती. हे जर्मनीत, ब्राउनश्वाइगच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत डॉक्टरेट करत होते. बेरेन्सबाई नावाच्या विधवेच्या घरात वरच्या मजल्यावर आमची एक खोली होती. तिच्यात आम्ही दोघं आणि आमची दीड वर्षांची मंजू. बेरेन्सबाई खाली राहत.

छातीचे एक्स-रे फोटो काढणारी रोंटगेनची बस गावोगाव फिरायची. आमच्या गल्लीची पाळी आली तसे सगळे गेले, मीही गेले. मला थोडा खोकला होता, पण त्या थंडीत कोणाला नव्हता? पडद्यामागे मदतनीस मुलगी म्हणाली, ‘आलेस आब, बिटे,’ म्हणजे सगळं काढा. तिचा रोख मंगळसूत्राकडे होता. लग्नानंतर मी ते कधी काढलं नव्हतं. काढलं, मुठीत धरलं आणि त्या थंडगार काचेला छाती लावून उभी राहिले. ‘श्वास धरा,’ ती म्हणाली. मी धरला.

दोन आठवड्यांनी गेझुंडहाइट्सआम्टचं, म्हणजे आरोग्य कचेरीचं पत्र आलं. तिथल्या डॉक्टरांनी मागून दिवा लावलेल्या काचेवर माझा फोटो टांगला. मी माझ्या बरगड्या बघत बसले. डाव्या बाजूला वर सुपारीएवढा पांढुरका डाग होता. डॉक्टर माझ्याशी बोललेच नाहीत, सगळं ह्यांच्याशी.

‘घरात मूल आहे?’

‘आहे. दीड वर्षाची मुलगी.’

‘आजपासून वेगळी ठेवा.’

आम्ही ट्रॅमनं घरी आलो. मंजू खाली बेरेन्सबाईंच्या स्वयंपाकघरात बटाट्याच्या सालींशी खेळत होती. मला बघून तिनं हात वर केले. मी दारातच थांबले आणि ह्यांनी तिला उचललं. मी तिला शेवटची जवळ कधी घेतली होती ते मला आजही आठवत नाही. सकाळी निघताना घाईत घेतली असेन किंवा नसेनही. आजाराचं सगळं विसरले तरी एवढं सलत राहील.

पडून राहण्याचं काम

सॅनेटोरियम हार्त्सच्या डोंगरात होतं, चहूकडे काळपट सूचिपर्णी झाडं. तिथे एकच काम, पडून राहायचं. लांबलचक गॅलरीत ओळीनं खुर्च्या, प्रत्येकीत एक माणूस, अंगाभोवती दोन तपकिरी घोंगड्या. त्या गुंडाळण्याची एक ठरलेली पद्धत होती. आधी डावी बाजू, मग उजवी, मग पायांखालून वर. हात आत गेले की आपले आपल्याला बाहेर काढता येत नसत. बर्फ पडत असला तरी बाहेरच. दुपारी दोन ते चार बोलायचं नाही, वाचायचं नाही, खोकला दाबायचा. चाळीस माणसं हलत नसत. पहिल्या दुपारी मी तो देखावा पाहिला आणि मला वाटलं, आपल्याला चुकीच्या जागी आणलंय, ही माणसं संपलेली आहेत.

मग त्यातला एक जण शिंकला तेव्हा जिवात जीव आला.

कोणी गेलं तर सांगत नसत. सकाळी गॅलरीच्या कठड्यावर एखादी गादी उन्हात टाकलेली दिसे. ती कुठल्या खोलीसमोर आहे ते सगळे पाहून घेत आणि नाश्त्याला लोणी जरा जास्त लावून खात. मीही तसंच करायला शिकले.

स्वच्छ दिवशी झाडांच्या पलीकडे एक लाकडी मनोरा दिसे. तो सरहद्दीवरचा पहारा, तिथून पुढे पूर्वेकडची दुसरी जर्मनी. तीच झाडं, तोच डोंगर, पण तिकडून कधी कसलाच आवाज येत नसे. कुत्रासुद्धा भुंकत नसे.

लहान मुलांना आत मनाई होती. महिन्यातून एका रविवारी हे मंजूला घेऊन येत आणि खाली खडीवर उभे राहत. मी वरून हात हलवायची. पहिल्या खेपेला ती रडली. तिसऱ्या खेपेला हसली. सहाव्या खेपेला तिनं ह्यांना काहीतरी विचारलं. ह्यांनी मला ते सांगितलं नाही. वर्षभरानंतर कळलं. तिनं विचारलं होतं, ‘ती बाई कोणाला हात करते?’

बरं वाटायच्या गोष्टीही होत्या. श्वेस्टर हेडविग नावाची नर्स होती, मोठी खाष्ट. मी जेवणातली ती कलेजी गिळताना डोळ्यांत पाणी आणलं की पाठ वळवून उभी राही, म्हणजे मला ती रुमालात टाकता येई. शनिवारी ती माझ्यासाठी दुधात भात शिजवून आणायची. ‘प्रकृतीसाठी नाही, कटकट नको म्हणून,’ असं वर म्हणायची.

लिंडनरबाई

माझ्या खोलीत शेजारच्या खाटेवर लिंडनरबाई होत्या. पन्नाशीच्या, वाळलेल्या, आवाज खोल गेलेला. त्यांचं गाव धरणात गेलं होतं, चार-पाच वर्षांपूर्वीच. सॅनेटोरियमच्या खालच्या दरीत भिंत बांधली आणि घरं, चर्च, लाकडाची गिरणी सगळं पाण्याखाली गेलं. त्या मला रोज गावातून फिरवून आणायच्या. पुलावरून आलं की पहिलं घर सुताराचं, मग बेकरी, बेकरीच्या मागे त्यांचं आलुबुखाऱ्याचं झाड. हे सगळं वर्तमानकाळात, जणू बेकर आत्ता भट्टी पेटवतोय.

एकदा मी विचारलं, ‘तुमच्या गावाची थडगी कुठे गेली?’

‘वर हलवली. नोंदवहीत होती तेवढी सगळी.’

‘आणि नोंदवहीत नव्हती ती?’

त्यांनी घोंगडी हनुवटीपर्यंत ओढली. मग म्हणाल्या, ‘माझी मुलगी दोन दिवसांची होऊन गेली. बाप्तिस्मा झाला नव्हता. स्मशानाच्या कुंपणाबाहेर पुरली. नोंद कोण करणार?’

ती अजून तिथे खाली होती. त्या दुपारी गॅलरीत पडल्यापडल्या मला दरीतून पाण्याचा चुबुक चुबुक आवाज आला. धरण तिथून तीन किलोमीटर लांब होतं. हे मी कोणाला सांगितलं नाही.

माझं ऑपरेशन झालं. डाव्या फुप्फुसाचा तुकडा आणि काही बरगड्या गेल्या, डावा खांदा खाली आला. उठून उभं राहिलं तरी धाप लागायची. लिंडनरबाईंनी मला चालायला शिकवलं. ‘तीन पावलांत आत, चार पावलांत बाहेर. बोलायचं नाही. मोजायचं.’ कॉरिडॉरमध्ये त्या माझ्यापुढे उलट्या चालत आणि मोजत. त्यांना स्वतःला मात्र डॉक्टरांनी ऑपरेशनला नाही म्हटलं होतं.

दर शरदात जुन्या रुग्णांचं मंडळ, त्यांच्या भाषेत फेराइन, धरणाभोवती चालायचं. सतरा किलोमीटर. प्रत्येक चालणाऱ्यामागे कोणीतरी दर किलोमीटरला काही देण्याचं कबूल करायचं आणि तो पैसा सॅनेटोरियमच्या मुलांच्या वॉर्डाला जायचा. त्या वर्षी मुलांच्या गॅलरीला काचा बसवायच्या होत्या. लिंडनरबाईंनी हिवाळ्यातच नाव देऊन ठेवलं होतं. फेब्रुवारीत एका सकाळी मला तपासणीला नेलं आणि परत आणलं तर आमच्या खोलीसमोर कठड्यावर गादी होती. त्या दिवशी नाश्त्याला मला लोणी गेलं नाही.

वरची बाई

वसंतात मला घरी सोडलं. थुंकी स्वच्छ आली होती, एकदा नाही, सहा वेळा. तरी मंजू खालीच झोपायची. सवय झाली होती आणि कोणालाच ती मोडायचं धैर्य नव्हतं, मलाही नाही. ती बेरेन्सबाईंना ओमा, म्हणजे आजी, म्हणायची. मी मराठीत काही विचारलं तर तिला कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये द्यायची, तेही बेरेन्सबाईंकडे बघत. एकदा जिन्यावर मी तिच्या बाहुलीला हात लावला तर ती ओरडली, ‘ओमा! दी फ्राऊ फॉन ओबेन!’ वरची बाई आली म्हणून.

मी वर जाऊन कणीक मळायला घेतली आणि ती अशी मळली की त्या पोळ्या ह्यांना चावता येईनात.

ऑगस्टमध्ये सासूबाईंचं पत्र आलं. ह्यांनी ते मला वाचायला न देता वाचून दाखवलं, तेव्हाच मी ओळखलं.

‘आईचं म्हणणं आहे, मंजूला पुण्याला पाठवावं. देशपांडे कुटुंब नोव्हेंबरात बोटीनं जातंय. त्यांच्याबरोबर.’

‘आणि मी?’

‘तू बरी झालीस की... आपण जाऊच ना दोन-तीन वर्षांत.’

‘अहो, मी बरी झाले आहे.’

‘अगं, जिना चढलीस की दोनदा थांबतेस. पोरीच्या मागे धावणार कोण? बेरेन्सबाई किती दिवस पुरणार? आणि आई लिहिते ते अगदीच चूक नाही. क्षयवाल्या बाईनं...’ ते थांबले.

माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस नेहमी आईचं ऐकतो. पण मला संताप आला तो आला. धरणाभोवती चालण्याचं मंडळाचं पत्रक टेबलावर पडलं होतं. ते मी त्यांच्यापुढे सरकवलं.

‘हे सतरा किलोमीटर चालून दाखवते. दाखवलं तर मंजू इथेच राहील, माझ्या खोलीत, माझ्याजवळ.’

‘काहीतरीच काय, कुमुद! आणि मध्येच पडलीस तर?’

‘तर पाठवा.’

बोलून गेले, आता परत घेता येणार नव्हतं. ह्यांनी पत्रक उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाले, ‘आल्झो. बरं. पण मी बघायला येणार नाही. मला बघवणार नाही.’

सॅनेटोरियमच्या मुख्य डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली. घाई नाही, बोलणं नाही, मध्येच बसणं नाही आणि काहीही उचलायचं नाही, पाण्याची बादलीसुद्धा नाही. बेरेन्सबाई, समोरचा बेकर आणि ह्यांचे प्रोफेसर दर किलोमीटरचे पैसे कबूल करून माझ्यामागे उभे राहिले. मी रोज स्मशानाच्या भिंतीपर्यंत चालायची, मग तिच्या पलीकडे, मग दुसऱ्या ट्रॅमच्या थांब्यापर्यंत. तीन आत, चार बाहेर.

धरण

त्या सकाळी धुकं होतं. धरणाच्या भिंतीवर सगळे जमले होते, सुरुवात तिथेच आणि शेवटही तिथेच. चाळीसेक माणसं असतील. मी त्यांच्याकडे पाहिलं. प्रत्येकाचा एक खांदा खाली होता. कोणाचा डावा, कोणाचा उजवा. माझाही. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं, सगळे श्वास राखून होते.

मला एक पुठ्ठ्याचं कार्ड दिलं. वाटेत तीन टेबलं, प्रत्येक टेबलावर शिक्का मारून घ्यायचा. शिट्टी झाली आणि सगळे भिंत ओलांडून पलीकडच्या काठानं निघाले, पाणी डाव्या हाताला ठेवून.

मी नऊवारी नेसले होते, वरून ह्यांचा जुना कोट आणि पायात बेरेन्सबाईंचे बूट. बुटाची नाडी बांधायला मी वाकले आणि उठले तेव्हा सगळे धुक्यात गेले होते. मी दोन पावलं त्यांच्यामागे टाकली. आणि माझे पाय थांबले.

सांगते, हसू नकोस. लहानपणापासून मी देवळाला, पिंपळाला, तुळशीला जी काही फेरी घातली ती उजवी घातली. ज्याच्याभोवती फिरायचं ते उजव्या हाताला. डावी फेरी एकाच जागी घालतात, चितेभोवती. माझे वडील गेले तेव्हा भाऊ स्मशानातून परत आला आणि गप्प बसून राहिला होता. खूप विचारल्यावर म्हणाला, ‘उलटं फिरायला लावतात गं.’ मी बी.एस्सी. झालेली बाई, हे सगळं मनातल्या मनात खोडून काढू शकत होते. पण त्या पाण्याखाली दोन दिवसांचं एक मूल होतं आणि मी माझं मूल सोडवायला निघाले होते. मी डावी फेरी घालणार नव्हते.

मी वळले आणि उलट्या बाजूनं निघाले, पाणी उजव्या हाताला ठेवून. कोणाला सांगितलं नाही, कारण मागे कोणी नव्हतंच. वाट तीच, अंतर तेच, शिक्के तेच, मग बिघडलं काय, असं मला वाटलं. त्या चाळिसांत अशी चूक फक्त मीच करू शकत होते.

पहिले काही किलोमीटर मी इतकी सुखात चालले की गुणगुणावंसं वाटलं. मग पहिलं टेबल आलं. टेबल होतं, वर पांढरी चादर होती, माणूस नव्हता. अर्थातच नव्हता. माझं पहिलं टेबल ते इतरांचं शेवटचं, तिथली माणसं अजून यायची होती. हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी मी धुक्यात त्या मांडून ठेवलेल्या टेबलापुढे उभी होते आणि हाक मारायला श्वास पुरत नव्हता. कार्ड तसंच खिशात घातलं.

त्यापुढे धुकं दाट झालं. पाणी दिसेना, नुसता वास येत होता, ओल्या राखेसारखा. मग पावलांचा आवाज यायला लागला. पुष्कळ पावलं, बोलणं नाही. कधी समोरून, कधी पाण्यावरून, कधी अगदी उजव्या कानाशी, जिथे रस्ताच नव्हता. मी मोजायला लागले. तीन आत, चार बाहेर. आवाज वाढला आणि धुक्यातून पहिला चेहरा निघाला.

एकामागून एक ते येत होते, माझ्या दिशेनं, एक खांदा खाली, तोंडं अर्धी उघडी. मला बघून ते दचकत. फिकट लुगड्यातली काळी बाई धुक्यातून समोर येते म्हटल्यावर दचकणारच. ‘फाल्श! फाल्श हेरूम!’ उलटं चाललात, असं ते ओरडत. मी मान डोलवायची, ‘या, या,’ म्हणजे हो, हो, आणि पुढे. थांबले असते तर परत चालता आलं नसतं. काही जणांनी टोपी काढली. मग तेही संपले. शेवटची पावलं मागे विरली आणि मी एकटी राहिले.

छातीत कळ यायला लागली होती. डोळ्यांपुढे बारीक ठिपके. एका वळणावर वाट पाण्याच्या अगदी जवळ गेली. उन्हाळा कोरडा गेल्यानं पाणी उतरलं होतं आणि चिखलातून एक जुना डांबरी रस्ता वर आला होता. कडेला दगडी कठडा. तो सरळ उतारानं जाऊन पाण्यात शिरत होता. पुलावरून आलं की पहिलं घर सुताराचं. हा लिंडनरबाईंच्या गावचा रस्ता, मला एकदम कळलं. मी कठड्यावर बसले. डॉक्टरांनी सांगितलं होतं बसू नका, बसलात की उठणं कठीण. खरंच होतं. मनात आलं, पडले. मंजू गेली.

मग त्या रस्त्यानं कोणीतरी वर आलं. पाण्याच्या बाजूनं. एक बाई, अंगाभोवती तपकिरी घोंगडी, आधी डावी बाजू, मग उजवी, हात आत. घोंगडीखाली छातीशी काहीतरी धरल्यासारखे हात होते. चेहरा मी पाहिला नाही. खरं सांगायचं तर मान वर करायची छाती झाली नाही. बूट पाहिले. ओले होते आणि त्यांचा चिखलावर आवाज येत नव्हता.

ती माझ्यासमोर थांबली. ‘द्राय आइन,’ ती म्हणाली, ‘फीअर आउस.’ तीन आत, चार बाहेर. आवाज खोल गेलेला.

मी उठले. कशी ते माहीत नाही. चालायला लागले आणि माझ्या मागे, एक पाऊल मागे, मोजणं चालू राहिलं. मी वळून पाहिलं नाही. मला भीती वाटत होती, खूप वाटत होती, पण मोजणं थांबेल याची भीती त्याहून जास्त होती.

मधलं टेबल आलं तेव्हा तिथला म्हातारा कपबशा पेटीत भरत होता. त्यानं मला पाहिलं, मग मी आले ती दिशा पाहिली.

‘तुम्ही तिकडून कशा? मी तर तुमचीच वाट बघतोय. एक नाव राहिलंय.’

शिक्का मारून घेऊन मी म्हटलं, ‘थांबा, मागे अजून एक बाई आहेत.’

त्यानं यादी काढली, बोट फिरवलं. ‘नाही. सगळे गेले. तुम्ही शेवटच्या.’ मग त्यानं माझ्या खांद्यावरून धुक्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. यादी घडी करून खिशात घातली आणि चहाचे दोन कप पुन्हा पेटीतून बाहेर काढून टेबलावर ठेवले. एक मला दिला. दुसरा तसाच ठेवला. तोही तिथलाच असावा, त्या बुडालेल्या गावचा. मी विचारलं नाही.

डॉक्टरांनी नंतर समजावलं की रक्तात प्राणवायू कमी पडला की मेंदू माणसं उभी करतो. असेल. माझा त्यांच्याशी वाद नाही.

त्यानंतर मागून मोजण्याचा आवाज आला नाही. माझी मीच मोजत राहिले. तिसऱ्या टेबलाच्या जागी टेबल नव्हतंच, दाबल्या गेलेल्या गवतात चार पायांच्या खुणा होत्या. एका जागी माणसं अजून यायची होती, दुसऱ्या जागी येऊन गेली होती. माझ्या कार्डावर एकच शिक्का होता आणि मला रडू फुटायच्या बेतात होतं. शेवटचे दोन किलोमीटर मी किती वेळात चालले ते विचारू नकोस. झाडाला धरायची, सोडायची, पुढच्या झाडाला धरायची.

भिंतीचा कठडा हाताला लागला तेव्हा धुकं विरळ झालं होतं. पलीकडच्या टोकाला सगळे उभे होते. मला दिसल्या त्या पाठी. चाळीस माणसं माझ्याकडे पाठ करून त्या वाटेकडे डोळे लावून होती जिथून प्रत्येक जण आला होता. कोणीतरी त्या बाजूला कंदील हलवत होतं, कोणी माझ्या नावानं हाका मारत होतं. माझ्याकडे तोंड करून दोघंच उभी होती, घोळक्यापासून लांब, भिंतीच्या अलीकडच्या टोकाला. हे, आणि त्यांचा हात धरून मंजू.

बघायला येणार नाही म्हणणारा माणूस पहाटेच्या बसनं आला होता. लोक म्हणत होते ती हरवली, उलट्या वाटेला लागली, आता वळवून आणायला हवी. ह्यांना ‘उलट्या’ एवढं ऐकून पुरलं होतं.

‘मी सांगितलं त्यांना,’ हे म्हणाले. ‘ती वळायची नाही म्हटलं. ती इकडूनच येणार.’

मंडळाचा चिटणीस धावत आला, कार्ड घेतलं, ओठ चावला. तीनपैकी एक शिक्का. नियमात बसत नव्हतं. तेव्हा मागून एकेक जण बोलायला लागला. मला भेटली, जुन्या झऱ्यापाशी. मला वळणावर. मला त्यानंतर. त्या दिवशी चाललेल्यांपैकी सगळ्यांना भेटलेली अशी मी एकटीच निघाले. चिटणीसानं पेन काढून कार्डावर ‘सतरा’ लिहिलं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. पैज त्यांच्याशी होती.

‘आईला मी लिहितो,’ ते म्हणाले. ‘आजच. देशपांड्यांनाही कळवतो.’

मंजू मला न्याहाळत होती. चिखलानं भरलेलं लुगडं, बापाचा कोट, ओमाचे बूट. तिनं ह्यांना विचारलं, जर्मनमध्येच, ‘ती उलट्या बाजूनं का आली?’

‘तूच विचार,’ हे म्हणाले.

ती दोन पावलं पुढे आली. विचारलं काही नाही. तिनं हात वर केले, उचलून घे म्हणून.

मला उचलायची बंदी होती आणि ताकदही नव्हती. मी तिथेच भिंतीवर, ओल्या दगडावर बसकण मारली. तिला ते बरोबर वाटलं असावं. ती आली आणि माझ्या मांडीवर बसली, पाठ माझ्या छातीला टेकवून, नेमकी जिथे बरगड्या नाहीत तिथे. दुखलं. मी तिला हलवलं नाही.